देवळीतली काडेपेटी

माझी आई पुण्याला आमच्याकडे कायमची राहायला आली, तेव्हा अकोल्याचे जुने घर विकून झाले होते. सामान आले, डबे आले, देव आले. पण त्या घराचा नकाशा तेवढा तिच्या डोक्यातून निघाला नाही. संध्याकाळी दिवा लावायची वेळ झाली की ती मला हाक मारी, "अरे, देवळीतली काडेपेटी मले दे बरं." आता आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराच्या भिंती अशा की खिळा ठोकला तर त्याचे टोक शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात निघावे. तिथे देवळी कुठून असणार? मी मुकाट्याने ओट्याखालच्या खणातली काडेपेटी काढून तिच्या हातात देई. तिचे चुकत होते असेही म्हणता येणार नाही. काडेपेटी होती, तिची जागा ठरलेली होती. पत्ता ज्या घरातला होता ते घर तेवढे बदलले होते.

ही गोष्ट मी एव्हाना विसरूनही गेलो असतो. पण गेल्या वर्षी एका संगणकाने ती मला पुन्हा आठवून दिली, आणि तीही आई गेल्यानंतर.

त्याचे असे झाले. आमच्या कॉलेजातल्या मराठी विभागाने काही वर्षांपूर्वी एक हौस मांडली होती. सुटीत गावी जाणाऱ्या मुलामुलींनी आपल्या आजीकडून, पणजीकडून तिथल्या बोलीतले शब्द, म्हणी, जात्यावरच्या ओव्या टिपून आणाव्यात, आणि जमल्यास तिचा आवाजही फोनवर मुद्रित करून आणावा. मुले उत्साही निघाली. तीन दिवाळ्यांच्या सुट्यांत माझ्या टेबलावर वह्यांचा ढीग झाला. मीही मागे राहू नये म्हणून एका दिवाळीत आईला समोर बसवून तिच्या वऱ्हाडी ओव्या उतरवून घेतल्या. पुढच्या श्रावणात ती गेली. मागे राहिला तो तिचा तेवढाच आवाज.

माझा भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो ढीग पाहून म्हणाला, "मामा, याचा एक प्रोग्रॅम करू. शब्दावर बोट ठेवलं की आजी बोलली पाहिजे." मी तत्काळ होकार दिला. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, तो कॉलेजात सर्वांना दाखवायचा असे ठरले.

तेव्हापासून आमच्या घरात 'बिल्ड' हा शब्द शिरला. 'आज बिल्ड झाला', 'आज बिल्ड फुटला', अशी भाच्याची बातमीपत्रे जेवणाच्या पानावर येऊ लागली. मी ते काम माझ्यापुरते असे समजून घेतले: छापखान्यातून सुटे फर्मे येतात, बाइंडर ते ओळीने लावतो, शिवतो आणि पुस्तक बांधतो. तसे हे. याद्या, आवाज, प्रोग्रॅमचे तुकडे हे सारे आपापल्या जागेवरून गोळा करायचे आणि त्याचा एक चालता गठ्ठा बांधायचा. बाइंडरला एक फर्मा सापडला नाही तर पुस्तक होत नाही. आणि फर्मा सापडायचा तर तो कोणत्या खोलीतल्या कोणत्या फळीवर आहे, हा पत्ता बिनचूक हवा. त्या पत्त्याला ते लोक 'पाथ' म्हणतात, म्हणजे वाट.

आमची अडचण ही, की यंत्रे तीन होती आणि तिघांचे घराणे वेगळे. कॉलेजातला संगणक विंडोजचा. भाच्याकडे त्याच्या वडिलांचा जुना मॅक. आणि ज्यावर शेवटची बांधणी होऊन सर्वांना प्रोग्रॅम खुला व्हायचा, तो भाड्याने घेतलेला संगणक लिनक्सवर चालणारा. तो कोणत्या शहरात आहे हे आम्हांला आजतागायत ठाऊक नाही. भावाभावांत बोलाचाली असावी पण पत्रव्यवहाराची पद्धत मात्र प्रत्येकाने निराळी धरावी, तसे हे तीन भाऊ.

पहिलेच भांडण एका तिरक्या रेघेवरून. घर, खोली, कपाट, कप्पा ही नावे एका ओळीत लिहिताना मध्ये काहीतरी खूण लागते. लिनक्स आणि मॅक डावीकडे पाय आणि उजवीकडे डोके असलेली रेघ काढतात: / अशी. विंडोज काढते ती उलट्या अंगाला कललेली: \ अशी. मी विचारले, "अरे, एवढी साधी रेघ, तीही एका दिशेने काढायला यांना काय झाले होते?" भाच्याने मग मला तिचा इतिहास सांगितला, आणि तो ऐकल्यावर मला आपली सारी घरगुती भांडणे आठवली.

युनिक्स ही प्रणाली १९६९ पासून अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून घडली. तिने सरळ रेघ घेतली, आणि लिनक्सने तो वारसा चालवला. इकडे १९८१ साली आयबीएमचा घरगुती संगणक आला, त्याच्याबरोबर डॉस आले. त्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता. घर म्हणजे एकच खोली. खोल्याच नाहीत तर वाटेची खूण कशाला हवी? म्हणून ती सरळ रेघ आज्ञेच्या पुढे बारीकसारीक सूचना जोडण्याच्या कामी लागली होती. १९८३ साली दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा पाहतात तो ती जागा अडलेली! मग तिची उलटी बहीण आणून बसवली. म्हणजे तत्त्वाचे भांडण असे काही नव्हतेच. एकाच्या खुर्चीवर आधीच कोणी बसले होते, इतकेच. मॅकवाल्यांची जुनी प्रणाली तर तिथे विसर्गासारखी दोन टिंबे देई. २००१ साली त्यांनी युनिक्सच्या घराण्यातली नवी प्रणाली आणली, तेव्हा तेही सरळ रेघेवर आले.

आम्ही सुरुवात केली होती कॉलेजातल्या विंडोजवर. भाच्याने जिल्ह्यांची नावे रोमन धाकट्या अक्षरांत देऊन सारे पत्ते प्रोग्रॅममध्ये हाताने लिहिले, अर्थात उलट्या रेघेने. पहिल्याच दिवशी अजब प्रकार. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर हे जिल्हे सापडले. नाशिक, नागपूर, ठाणे, रत्नागिरी, बीड आणि अकोला सापडेनात. "यंत्रसुद्धा पुणेकर दिसते," असे मी म्हटले आणि बायकोच्या कपाळावरची आठी पाहून गप्प बसलो. तिचे माहेर नाशिकचे.

कारण कळले ते मोठे गमतीचे. प्रोग्रॅमच्या कित्येक भाषांत उलट्या रेघेला आणखी एक अर्थ आहे. तिच्यापाठोपाठ 'एन' आले तर यंत्र समजते, नवी ओळ सुरू करा. 'टी' आले तर जागा सोडा. 'आर' आले तर ओळीच्या आरंभी परत या. 'बी' म्हणजे एक पाऊल मागे, आणि 'ए' म्हणजे घंटा वाजवा. नाशिकच्या 'एन'ने ओळ मोडली, ठाण्याच्या 'टी'ने खिंडार पाडले, रत्नागिरी मागे पळाली, बीडने शेवटचे अक्षर पुसले, आणि अकोल्याच्या नावाने घंटा वाजली. पुण्यातले 'पी' आणि साताऱ्यातले 'एस' यांच्या वाट्याला असे काम नव्हते म्हणून ते वाचले. पुणेकरांनी यातून उगाच काही निष्कर्ष काढू नये.

भाच्याने त्यावर शहाणपणाचा उपाय केला. पायथन नावाच्या ज्या भाषेत तो लिहीत होता, तिच्यात २०१४ पासून 'पाथलिब' नावाची सामग्री मिळते. तिला नुसते सांगायचे की हे घर, ही खोली, हा कप्पा. ज्या यंत्रावर काम चालले असेल त्याच्या रिवाजाप्रमाणे रेघ ती आपण होऊन घालते. आणखी एक खोड त्याने मोडली. पत्त्याच्या आरंभी तो कॉलेजातल्या संगणकाच्या 'डी' कप्प्याचे नाव लिहीत असे. मॅकला आणि लिनक्सला असले अक्षरी कप्पेच नसतात. त्यांना 'डी'मधले काही मागणे म्हणजे पुण्यात देवळीतली काडेपेटी मागणे. त्याने तो सारा आरंभ काढून टाकला आणि पत्ता असा मांडला: प्रोग्रॅम ज्या फोल्डरात बसला असेल तिथून निघा आणि आत शिरा. मग ते बिऱ्हाड कुठेही हलवा, आतली मांडणी तीच राहते.

बाकीचे तंटे किरकोळ, पण एकेक दिवस खाणारे. कोणा मुलाने यादीत नाशिकचे पहिले अक्षर थोरले लिहिले, फोल्डरावर मात्र ते धाकटे. विंडोजने आणि मॅकने त्याकडे काणाडोळा केला. लिनक्सने दोन्ही नावे निराळी मानून 'नाशिक नाही' म्हणून सांगितले. देवनागरीत अक्षरांना थोरली-धाकटी असा भेदच नाही, याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. (तो पुढे कसा उतरला ते सांगतोच.) दुसऱ्या एका दिवशी भाच्याने सहभागी मुलांच्या नोंदीचा फोल्डर मॅकवर तयार केला आणि त्याला 'पीआरएन' असे नाव दिले. आमच्या विद्यापीठात प्रत्येक विद्यार्थ्याला असा कायम नोंदणी क्रमांक असतो, तेव्हा नाव अगदी सयुक्तिक. पण कॉलेजातला संगणक तो घेईना. डॉसच्या त्या एका खोलीच्या काळापासून 'पीआरएन' हे नाव छपाईयंत्रासाठी राखून ठेवलेले आहे, तसेच 'सीओएन', 'एयूएक्स', 'एनयूएल' हीही. घर मोठे झाले, मजले चढले, तरी आजोबांच्या आरामखुर्चीवर कोणी बसायचे नाही, त्यातला हा प्रकार. आम्ही फोल्डराचे नाव बदलले.

आणि मग फेब्रुवारीचा तिसरा आठवडा उजाडला.

लिनक्सवरची बांधणी रात्री सुरू केली. यंत्र एकेका फोल्डराचे नाव घेई आणि पुढे जाई. मालवणी आली, अहिराणी आली, आगरी आली, झाडीबोली आली. वऱ्हाडीपाशी काम थांबले. यंत्राने एका ओळीत सांगितले: अशी फाइल किंवा असा फोल्डर अस्तित्वात नाही.

वऱ्हाडी नावाचे जेवढे फोल्डर होते, अकोल्यातला, अमरावतीतला, बुलढाण्यातला, त्या साऱ्यांना हेच उत्तर. अकोल्यातल्या फोल्डरात आईचा आवाज होता. यंत्राला त्यात काही बरेवाईट म्हणायचे नव्हते हे मला कळत होते. पण ते वाक्य मी वाचले, आणि माझा तोल गेला. मी भाच्यावर ओरडलो. "नीट पाहून लिहायला काय होतं तुला? बाकी सगळ्या जगाचं सापडतं आणि नेमकं आजीचं सापडत नाही?" त्याचा चेहरा उतरला. तो एवढेच म्हणाला, "मामा, अक्षर न् अक्षर तेच आहे. तुम्हीच बघा."

मी चष्मा पुसून पाहिले. यादीतला शब्द आणि फोल्डरावरचा शब्द, दोन्ही शेजारी ठेवले. शुद्धलेखन तपासण्यात ज्याची वीस वर्षे गेली त्या माणसाला काना-मात्रेचा फरक सापडला नाही. दोन्हीकडे 'वऱ्हाडी'च. विंडोजवर ते सापडत होते, मॅकवरही सापडत होते. लिनक्सवर नाही.

मध्यरात्र उलटल्यावर भाच्याला एक सुचले. त्याने यंत्राला दोन्ही शब्दांतली चिन्हे मोजायला लावली. यादीतल्या शब्दात ७ निघाली, फोल्डरावरच्या शब्दात ८. यंत्राच्या साठवणीत एक २१ घरे अडवत होता, दुसरा २४.

ते आठवे चिन्ह म्हणजे एक टिंब, अक्षराखाली देतात तो नुक्ता. आपण ज्याला 'वऱ्हाड'मधला अर्धा र म्हणतो, 'दुसऱ्या'मधला, 'कऱ्हाड'मधला, तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तर त्याचे स्वतःचे अखंड चिन्ह आहे. नाही तर साधा र घ्यायचा आणि त्याला नुक्ता जोडायचा. दोन्ही समान मानावेत, असा युनिकोडचा नियमच आहे, आणि डोळ्यांना ते दिसतातही सारखे. पण ॲपलची जी जुनी फाइलव्यवस्था २०१७ पर्यंत मॅकवर सर्रास होती, तिची रीत अशी की फोल्डराचे नाव हाती आले की अशी अखंड चिन्हे सोडवून, सुटी करून ठेवायची. भाच्याचा मॅक त्या पिढीतला. मी कॉलेजात टंकलेले अखंड ऱ असलेले नाव त्याच्या यंत्राने सुटे केले, आणि तो गठ्ठा तिथूनच लिनक्सवर गेला. यादी मात्र फोल्डराच्या पोटातला मजकूर, तिला कोणी हात लावला नव्हता. मॅक दोन्ही रूपे ओळखतो, विंडोजवर दोन्हीकडे माझेच टंकलेखन; लिनक्स मात्र बाइटाला बाइट लावून पाहते, आणि तिथे ते जुळले नाहीत. मालवणीत, अहिराणीत हे अक्षरच नाही म्हणून त्या सुखरूप पार पडल्या.

मी खुर्चीत बसून राहिलो. दर वर्षी पहिल्या वर्गाला मी हेच अक्षर शिकवतो. फळ्यावर दोन शब्द लिहितो: आचार्यांना आणि आचाऱ्यांना. पहिल्यांना नमस्कार करावा, दुसऱ्यांना पंगतीचा अंदाज सांगावा. रफार आणि हा अर्धा र यांत गल्लत केली की समारंभाचा विचका होतो. मुले हसतात. या अक्षराची मला सारी माहिती आहे, अशी माझी समजूत होती. ते आत दोन प्रकारे वसते, हे मला एका पोराने रात्री एक वाजता शिकवले, तेही मी त्याला बोलून घेतल्यावर.

"अजून एक आहे," तो दबकत म्हणाला. याद्या चाळताना त्याला काही ठिकाणी तिसरे रूप सापडले होते: साधा र, हलन्त, आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण. टंकनाच्या काही जुन्या पद्धतींत हा र असाच उमटे. त्या रूपाला तर युनिकोडही पहिल्या दोघांच्या बरोबरीचे मानत नाही. त्या याद्या टंकल्या होत्या मी.

मी म्हटले, "माझं चुकलं, बाळा." तो हसला आणि म्हणाला, "मामा, कुणाचंच चुकलं नाही." ते मात्र मला पटले नाही.

आता उपाय. भाच्याचे म्हणणे, फोल्डरांना मराठी नावे नकोतच; साधे रोमन अक्षर, नाही तर नुसते क्रमांक द्यावेत. मी उसळलो. आईच्या बोलीचे नाव तिच्या लिपीत लिहायचे नाही, तर मग हा खटाटोप कशासाठी? पण रात्रभर विचार केला आणि सकाळी मला श्रीराम भिकाजी वेलणकर आठवले. आपल्या पत्त्यांवरचा सहा आकडी पिनकोड ही त्यांची कामगिरी. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावे, आणि पत्ते लिहिलेले नाना भाषांत, नाना लिप्यांत. टपाल चुकत असे. हे वेलणकर संस्कृतातले कवी आणि नाटककार होते. शब्दांवर त्यांचे प्रेम माझ्यापेक्षा कमी होते असे मी तरी म्हणू धजणार नाही. तरीही पाकिटावर त्यांनी आकडे घातले. कारण पाकीट टपाल वाटणाऱ्याच्या हाती पडायचे असते. शब्दांची हौस आतल्या कागदावर भागवावी, तिथे अडवायला कोणी नसते.

मी आजवर सारे पत्ते माझ्या सोयीने लिहीत आलो होतो, आईने देवळीचा सांगितला तसे. पत्ता सांगणाऱ्याला जागा माहीतच असते. तो लिहायचा असतो शोधणाऱ्यासाठी, आणि शोधणारा उभा असतो भलत्याच घरात.

फोल्डरांना क्रमांक दिले. मराठी नावे आतल्या यादीत, जी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येते, तिथे ठेवली. आणि तिथेही प्रत्येक ऱ अखंडच राहील असा नियम भाच्याने प्रोग्रॅमला घालून दिला. माझी ती अदृश्य जोडखूणवाली रूपे मी दोन रात्री बसून एकेक करून सुधारली. ते प्रायश्चित्त मला हवेच होते. शिवाय काहीही बदलले की तिन्ही यंत्रांवर बांधणी करून पाहिल्याशिवाय 'झाले' म्हणायचे नाही, असे ठरले.

२५ फेब्रुवारीच्या रात्री बांधणी शेवटपर्यंत गेली. भाच्याने पडद्यावरच्या 'वऱ्हाडी'वर बोट ठेवले, आणि मला म्हणाला, "मामा, तुम्ही दाबा." मी दाबले. आधी थोडी खरखर, भांड्यांचा आवाज. मुद्रण सुरू झाल्याचे आईला तेव्हा कळलेच नव्हते. ओवीच्या आधी तिचे बोलणे आले: "थांब, दिवा लावू दे आधी. देवळीतली काडेपेटी मले दे बरं."

आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. मग भाच्याने हळूच विचारले, "मामा, देवळी म्हणजे काय हो?"

मी यादी उघडली. इतक्या वह्या, इतके शब्द, त्यांत देवळी नव्हतीच. कोणाला ती टिपावीशी वाटली नव्हती, मलाही नाही. मी नवी ओळ घेतली आणि लिहिले: देवळी. भिंतीतला छोटा कोनाडा. दिवा, काडेपेटी असे रोज लागणारे सामान ठेवण्याची जागा.

भाच्याने त्यापुढे क्रमांक घातला आणि पुन्हा बांधणीला बसला.